पहिले पाच छर्रे

१३ ऑक्टोबर २०१७ रोजी सकाळी अकरा ते साडेअकरा या अर्ध्या तासात, एकाच टेबलावरून, एकाच डब्यातले छर्रे वापरून, एकाच पिस्तुलाने पहिल्या छर्ऱ्याला २३.६ ज्यूल ऊर्जा दिली आणि अकराव्या छर्ऱ्याला १२.१.

"अकरावा मारलात कशाला?" गुर्जर साहेबांनी विचारले.

गुर्जर साहेब आमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या शस्त्र विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षांपूर्वी रुजू झालेली सहायक. त्यांच्या टेबलावर फायलींचे दोन ढीग असत, सही झालेल्यांचा आणि न झालेल्यांचा. दिवाळीपूर्वी दुसरा ढीग संपवायचा, असा त्यांचा दरवर्षीचा संकल्प असे, आणि दिवाळी सहा दिवसांवर आली होती.

"पाचव्याला थांबावंसं वाटलं नाही, सर. आकडे उतरत होते."

"आकडे उतरतात, चढतात. त्यांना काय उद्योग आहे दुसरा? आपण पाच छर्रे मारायचे, सरासरी काढायची, सही करायची. पहिल्या पाचांची सरासरी किती?"

"एकवीस पूर्णांक आठ."

"वीसच्या वर. म्हणजे शस्त्र. लिहा आणि आणा."

"पण अकरापासून पंधरापर्यंत बाराच येतायत. अगदी स्थिर."

"टिळेकर, तुम्हाला अकरावा कुणी विचारलाय?"

नियम थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीच्या किंवा पिस्तुलाच्या नळीचा व्यास ०.१७७ इंचांपेक्षा जास्त नसेल आणि नळीतून बाहेर पडणाऱ्या छर्ऱ्याची ऊर्जा वीस ज्यूलच्या आत असेल, तर तिला परवाना लागत नाही. पोराने जत्रेत घेतलेली असो की आजोबांनी माकडे हाकलायला ठेवलेली. वीसच्या वर गेली की परवाना लागतो, आणि परवाना नसेल तर ती बाळगणे हा गुन्हा ठरतो. पिस्तूल पाहणाऱ्याला किती भीती वाटते, हे मोजायचे यंत्र माझ्या टेबलावर नव्हते. व्यास मोजायचे होते आणि वेग मोजायचे होते. या पिस्तुलाचा व्यास नियमात बसत होता. म्हणजे सगळा प्रश्न वेगाचा.

पिस्तूल घाटाखालच्या एका पोलीस ठाण्याने एप्रिलमध्ये जत्रेतून जप्त केले होते. आरोपी केराबाई मदने, वय पंचावन्न, धंदा फुगे फोडण्याचा स्टॉल. खरे तर ते पिस्तूलही नव्हते. नळी खाली दुमडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीचा लाकडी दस्ता कापून तिथे कुणा सुताराने मूठ बसवली होती. मूठ जरा तिरपी होती. एकूण वस्तू दरोडेखोराच्या हातात शोभली नसती, पण पंचनाम्यात तिला 'घातक दिसणारे पिस्तूल' म्हटले होते.

मला आकड्यांखेरीज आणखी एक गोष्ट खटकली होती, ती मी साहेबांना सांगितली.

"पहिल्या पाच-सहा छर्ऱ्यांना मोठा आवाज झाला, सर. थोडा धूर आला. आणि वास आला."

"कसला?"

"भजी तळल्यासारखा."

"शुक्रवार आहे. कॅन्टीनमध्ये भजी असतात," साहेब म्हणाले आणि पुढची फाईल ओढली.

कॅन्टीन खालच्या मजल्यावर आणि इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होते. तरीही मी खात्री करून घेतली. त्या शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी होती.

दुपारभर मी संशयितांची यादी छोटी करत बसले. वेगमापक यंत्र प्रकाशावर चालते आणि ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने ते कधीकधी बहकते, म्हणून ट्यूबलाइट बंद करून, आमच्या संदर्भसंग्रहातली त्याच बनावटीची एक रायफल आणून तिचे पाच छर्रे मारले. सगळे चौदा ज्यूलच्या आसपास. यंत्र निर्दोष. मग डब्यातले तीस छर्रे तोलले. प्रत्येक अर्धा ग्रॅम, फरक तिसऱ्या दशांश स्थळाला. छर्रेही निर्दोष. उरले पिस्तूल. ते उघडून पाहायला साहेबांची परवानगी हवी होती, आणि साहेबांना सरासरी मिळाली होती.

संध्याकाळी मी फाटकासमोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले. बाकावर एक बाई बसली होती. हिरवे लुगडे, कपाळावर मोठे गोंदण, मांडीवर कापडी पिशवी. माझा चहा आल्यावर ती माझ्याकडे सरकली.

"बंदुकीच्या मॅडम तुमीच न्हवं?"

"कोणत्या बंदुकीच्या?"

"म्हंजी लई हायत व्हय तुमच्याकडं? माजी आपली एकच हाय. फुग्याची."

मी ओळखले. "तुमच्या प्रकरणाबद्दल मला तुमच्याशी बोलता येत नाही, बाई. नियम आहे."

"नका बोलू. तुमी च्या प्या. म्या बोलती."

मी तत्क्षणी उठायला हवे होते. पण चहा फार गरम होता आणि ग्लास टपरीवाल्याचा होता.

"पयली गोष्ट," केराबाई म्हणाल्या, "ती रायफलच हुती. एक पैलवान आला, सात छर्रं मारलं, एक फुगा फुटंना. सगळी तालीम मागं हुबी राहून हसतीया. दिली आपटून भुईवर. दस्ता मोडला. नळीला काय झालं न्हाई. सुतार म्हनला, मूठ लावून देतो. दिली लावून. तर बाई, लोकांचं डोस्कं बगा. रायफल हुती तवा कुनी इचारत न्हवतं. पिस्तूल झाल्यावर रांग. फोटू काढाय रांग."

"मला हे सांगू नका."

"दुसरी गोष्ट. ह्यो फौजदार. नवी नवरी घिऊन जत्रंत आला, साध्या कपड्यात. मला काय म्हाईत फौजदार हाय. दहा छर्रं मारलं. दाही फुग्यांनी त्येला रामराम केला, फुटला एक न्हाई. नवरी हसली. ती हसली त्येचं काय न्हाई. म्या बी हसली. थितं चुकलं माजं. दुसऱ्या दिशी वर्दी घालून आला, म्हनतो, ह्ये घातक शस्त्र हाय."

टपरीवाला हसू दाबत किटली घासत होता.

"आता तिसरी गोष्ट सांगती, ती कुनाला सांगू नका."

"बाई, मी उद्या कोर्टात साक्षीला उभी राहणार. मला गुपितं सांगू नका."

"मंग ऐकू नका," केराबाई म्हणाल्या आणि आवाज खाली आणला. "त्या बंदुकीची नेम धरायची माशी म्या डावीकडं वाकवल्याली हाय. आन फुगं म्या निम्मंच फुगवती. कडक फुग्याला नख लागलं तरी फुटतोय. ढिला फुगा नव्या सुनंवानी, छर्रा आला की मागं सरतोय. आन स्प्रिंग बारा वर्साची, दमल्याली. वीस वर्सं लोकास्नी फशिवलं म्या, नाय म्हनत न्हाई. त्येची काय शिक्षा असंल ती द्या. पर त्या बंदुकीनं मानूस मरतोय म्हनलं तर कावळं हसतील."

एखादी व्यक्ती स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी वीस वर्षांच्या लबाडीचा तपशील इतक्या काळजीने मांडताना मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. नियम विसरून मी विचारले, "मागच्या ताडपत्रीतून छर्रा जात नाही?"

"एक भोक दावा. माज्या लग्नातल्या मांडवाची ताडपत्री हाय."

"आणि बंदुकीचा आवाज?"

"आवाज कसला. फुस्स करती. कोरडी ठिवती ना मी तिला."

"कोरडी म्हणजे?"

"तेलाचा थेंब दावत न्हाई. मालक हुतं तवा त्येंनी एकडाव शिवनयंत्राचं तेल सोडलं आत, चांगलं म्हनून. आवं, त्या दिशी बंदूक काय उडली. फाट फाट आवाज, नळीतनं धूर. ढिलं फुगं बी फुटलं. दुपारपत्तुर बक्षिसाच्या समद्या कपबश्या गेल्या. पाच-पंचवीस छर्रं मारल्यावर मंग आली ठिकान्यावर. तवापास्नं मालकास्नी म्हनलं, तुमी तेल फकस्त डोक्याला लावा."

मी ग्लास खाली ठेवला. भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी माझ्या घरी भिंतीवर टांगलेली होती.

"तारीख कधी आहे तुमची?" मी विचारले.

"सा नोव्हेंबरला. गुन्हा लागला तर तीन वर्सं म्हनतोय वकील. आन लागला न्हाई, नुसता लोंबकळत ऱ्हायला, तरी म्या मेलीच. जत्रंची कमिटी म्हनती, बंदुकीची केस असल्याल्या बाईला जागा न्हाई. माज्या जागंवर पाळण्यावाल्याचा डोळा हाय." त्या उठल्या, पिशवी काखेत मारली. "जाती म्या. तुमी काय बोलला न्हाईसा, म्या काय सांगितलं न्हाई."

सोमवारी मी संदर्भसंग्रहातली रायफल पुन्हा टेबलावर घेतली. तपासणी पुस्तिका आधी वाचून ठेवली होती. तिच्यात 'पाच छर्रे मारावेत' असे होते, 'पहिले' हा शब्द नव्हता. हा शोध मी तूर्त स्वतःपाशी ठेवला.

कोरड्या रायफलीने चौदा ज्यूल दिले. मग नळीतून यंत्राच्या तेलाचे पाच थेंब आत सोडले आणि मारले. पंचवीस. चोवीस. साडेतेवीस. आवाज, धूर, सगळे हजर. तेरा छर्ऱ्यांनंतर ती पुन्हा चौदावर आली.

यात चमत्कार काही नाही. स्प्रिंग सुटली की दट्ट्या आतली हवा एका झटक्यात दाबतो आणि ती हवा क्षणभर अतिशय तापते. आत तेल असेल तर ते पेटते, जसे डिझेल इंजिनात ठिणगीवाचून डिझेल पेटते. मग छर्ऱ्याला नुसती हवा ढकलत नाही, छोटा स्फोट ढकलतो. तेल संपले की स्फोट संपतो. हे मी कुठेतरी वाचलेलेही होते. वाचलेले योग्य वेळी आठवायला टपरीवरची बाई लागली, इतकेच.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. आता खोलीत स्कूटर दुरुस्तीच्या दुकानाचा वास होता, शुक्रवारी तो नव्हता. मी रायफल साफ केली आणि खोबरेल वापरून पाहिले. ते माझ्या पर्समध्ये होते. वास देवळासारखा आला. मग कॅन्टीनमधून वाटीभर शेंगदाण्याचे गोडेतेल आणले.

तिसऱ्या छर्ऱ्याला दार उघडले. गुर्जर साहेब उभे होते.

"आज पण भजी?" ते म्हणाले.

"नाही सर. चोवीस पूर्णांक एक."

मी त्यांना बसवले आणि सगळे सांगितले. टपरीसुद्धा सांगितली, कारण लपवले असते तर ते पुढे नको तिथे बाहेर आले असते. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण ऐकून घेतले. ते आळशी होते, मूर्ख नव्हते, आणि त्यांचे प्रश्न माझ्या यादीत नव्हते.

"समजा तेल होतं. तेल घातल्यावर ते पिस्तूल तेवीस देतं, म्हणजे तेवीस देऊ शकतं, हे सिद्धच झालं ना?"

"मग ही रायफलही देते, सर. आपल्या संग्रहातली अशी प्रत्येक बंदूक देईल. तुमच्या रत्नागिरीच्या घरी माकडांसाठी आहे, तीही देईल. वाटीभर गोडेतेल असलेलं प्रत्येक घर मग शस्त्रागार. नियम बंदुकीची ऊर्जा मोजायला सांगतो, तेलाची नाही."

"माझी बंदूक मध्ये आणू नका." साहेब म्हणाले. "बरं. पण तेल आत गेलं कसं? पार्सल सीलबंद आलं. पाच लाखेची सीलं. नोंदवहीत तुमच्याच अक्षरात आहे, 'सील अभंग'. म्हणजे तेल जप्तीच्या आधी त्या बाईनं घातलं, नाहीतर सील उघडल्यावर तुम्ही घातलंत. तिनं घातलं असेल तर ती मुद्दाम ताकद वाढवत होती, शस्त्र तिचंच. तुम्ही घातलं असेल तर तुमची चौकशी. तिसरं काही असेल तर दाखवा. कारण दाखवलंत तर सही करतो. नाहीतर एकवीस पूर्णांक आठ."

प्रश्न बरोबर होता. केराबाई बंदूक कोरडी ठेवत, हे मला केराबाईंनीच सांगितले होते, आणि आरोपीच्या सांगण्याला टेबलावर वजन नसते.

मी पार्सलाचे कापड काढून खिडकीत धरले. शुक्रवारी मी सीले मोजली होती, कापड पाहिले नव्हते. पांढरे मांजरपाट, गच्च शिवलेले, पाचही सीलांची लाख जिथल्या तिथे. पण कापड तोकडे होते. एका टोकाला ते नळीभोवती सुतळीने आवळून बांधले होते, आणि नळीचे तोंड दोन बोटे बाहेर राहील इतकी जागा तिथे होती. त्या टोकाभोवती हाताच्या पंजाएवढा तेलकट डाग होता. नाकाशी नेला. शंका उरली नाही.

मी ठाण्याला फोन करून मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांना नोंदवहीसह बोलावले. फौजदारांबद्दल माझ्या मनात जे आले होते ते फोनवर बोलले नाही. दहा फुगे चुकलेला माणूस तेलाची बाटली घेऊन मुद्देमालाच्या खोलीत शिरतो, हे चित्र मोहक होते. मोहक चित्रांपासून सावध राहावे, असे मला शिकवलेले आहे.

मंगळवारी, धनत्रयोदशीला, हवालदार इंगवले आले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला, कडक इस्त्रीचा, चष्म्याला दोरी लावलेला माणूस. त्यांनी नोंदवही साहेबांच्या टेबलावर काटकोनात ठेवली.

"सील तुटलंय का?" त्यांनी बसण्याआधी विचारले.

"नाही," मी म्हणाले.

"मग माझं काम चोख आहे. सहा महिने वस्तू माझ्या ताब्यात. एकोणतीस वर्षांत माझ्याकडचं एक सील तुटलेलं नाही, मॅडम."

"नळी बाहेर का राहिली?"

"कापड कमी पडलं. मांजरपाटाची मागणी जानेवारीत केलीय, अजून आलेलं नाही. कापड माझ्या हातात नाही, लाख माझ्या हातात आहे. मोजा, पाच सीलं."

"मोजली. कापडावर तेल आहे, हवालदार."

"असणारच."

गुर्जर साहेबांनी पेन खाली ठेवले. "असणारच म्हणजे?"

"साहेब, खंडेनवमीला ठाण्यातल्या सगळ्या शस्त्रांना तेलपाणी होतं. रायफली, पिस्तुलं, लाठ्या, ढाली. मालखान्यातलीसुद्धा. ताब्यात आहे म्हणजे जबाबदारी आपली. बाकीचे वरवर करतात, मी करत नाही. दोन हजार अकरा साली एक कोयता पोत्यामागं राहून गेला. त्याच वर्षी माझी बदली झाली. तेव्हापासून एकही वगळत नाही."

"पण हे सीलबंद होतं."

"म्हणून तर सीलला हात लावला नाही, साहेब." इंगवल्यांचा आवाज किंचित दुखावला. "कायदा मला कळतो. कापड उघडायचं नाही, म्हणजे पुसायची सोय नाही. पण नळी बाहेर होती. तोंड वर करून उभं केलं आणि पळीनं आत सोडलं. हळदकुंकूसुद्धा कापडाला लावलं नाही, पुराव्यावर डाग नको म्हणून. नळीला लावलं आणि पाठवताना पुसून घेतलं."

"किती तेल?" मी विचारले.

"बाकीच्यांना बोटानं लावतो. ह्याला आत पोचतंय की नाही दिसेना, म्हणून पळीभर."

"कोणतं?"

"रायफलीचं तेल संपलं होतं. त्याची मागणी मार्चमध्ये केलीय. समईचं होतं ते घेतलं. शेंगदाण्याचं."

"आणि उभं किती दिवस होतं?"

"दसऱ्यापर्यंत देवापुढं. मग तुमच्याकडं निघेपर्यंत कोपऱ्यात, तसंच उभं. आडवं केलं असतं तर तेल सांडलं असतं."

म्हणजे तेलाला नळीतून खाली उतरून दट्ट्यापर्यंत पोचायला जवळजवळ दोन आठवडे मिळाले होते. मी स्वतः प्रयोग मांडला असता तर इतका धीर धरला नसता.

"याची कुठे नोंद आहे?" साहेबांनी हळूच विचारले. नसावी, अशी आशा त्यांच्या आवाजात होती.

"नोंदीशिवाय मी काही करत नाही." इंगवल्यांनी खुणेचा दोरा घातलेले पान उघडले, चष्मा लावला आणि वाचले, "दिनांक एकोणतीस सप्टेंबर. मालखान्यातील शस्त्रे, नग अकरा, पैकी तलवारी पाच, कोयते चार, गुप्ती एक, पिस्तूल एक, यांस तेल देऊन यथासांग पूजा केली. प्रसाद वाटला. सही."

साहेब खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"हवालदार," मी म्हणाले, "हे शस्त्र आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे काय मॅडम? फौजदार साहेबांनी शस्त्र म्हणून जप्त केलंय. माझ्या वहीत शस्त्राच्या खान्यात आहे."

"ते शस्त्र आहे की नाही, हे ठरवायलाच तुम्ही ते आमच्याकडे पाठवलंय."

इंगवल्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तुमचं ठरेपर्यंत नवमी थांबते का?"

मी त्यांच्या सहीनिशी त्या पानाची प्रत घेतली आणि त्यांना चहा दिला. जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, "तेलानं काही बिघडलं का, मॅडम?" मी त्यांना थोडक्यात समजावले. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "त्या बाईवर ताशेरा नको यायला. पाहिजे तर माझ्यावर घ्या. पण सील अभंग होतं, तेवढं लिहा." मी लिहिले. ते खरेच होते.

साहेबांनी पिस्तूल उघडायची परवानगी त्याच दुपारी दिली. पंधरा छर्ऱ्यांनंतरही दट्ट्याच्या मागच्या अंगाला आणि सांदीकोपऱ्यांत तेल उरले होते. सगळे पुसून, कोरडे करून, पिस्तूल पुन्हा जोडले. वेगमापकाजवळ या वेळी साहेब स्वतः येऊन उभे राहिले.

११.९. १२.१. १२.०. १२.०. ११.८.

"थांबा," ते म्हणाले. "पाच झाले. पहिले पाच."

"पुस्तिकेत 'पहिले' असं म्हटलेलं नाही, सर."

"मला माहीत आहे. मी बावीस वर्षं ती वाचतोय. तुमच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं म्हणून बोललो नाही." त्यांनी आकड्यांखाली सही केली आणि टोपण न लावता पेन तसेच धरून ठेवले. "कारणात 'पूजा' लिहू नका. 'देखभाल' लिहा. वरपर्यंत जाईल हे."

"मूळ नोंदीत पूजा आहे, सर. प्रत जोडतेय. अहवाल एक म्हणेल आणि जोडपत्र दुसरं, तर उलटतपासणीत मला उभं करतील."

त्यांनी सुस्कारा टाकला. "तुम्हाला उभं केलं तर तुम्ही पंधरावा छर्रासुद्धा सांगाल. लिहा काय ते."

सहा नोव्हेंबरला अहवाल कोर्टासमोर आला आणि पुढच्या तारखेला शस्त्रास्त्राचा आरोप रद्द झाला. पिस्तूल परत मिळेपर्यंत डिसेंबर उजाडला. तोवर कार्तिकातल्या दोन जत्रा हातच्या गेल्या होत्या, आणि एका ठिकाणी पाळण्यावाल्याने जागा घेतली ती घेतलीच. बाकीच्या जत्रांच्या कमिट्यांना केराबाईंनी कोर्टाच्या निकालाची प्रत नेऊन दाखवली आणि तिथे त्यांचा स्टॉल पुन्हा लागला. पिस्तूल ताब्यात देताना इंगवल्यांनी त्यांना बजावले, की चांगली वस्तू आहे, वर्षातून एकदा तरी तेल देत जा. केराबाई म्हणाल्या, "नगं हवालदार. मला धंदा करायचा हाय." हे मला इंगवल्यांनीच फोनवर सांगितले. ते दुसऱ्या एका पार्सलाची चौकशी करत होते, त्याचे कापड पुरेसे लांब होते.

अहवालातला कारणाचा रकाना मी भरला तो असा. 'सदर हवाई पिस्तूल हे शस्त्र आहे असे समजून दिनांक २९ सप्टेंबर रोजी खंडेनवमीच्या पूजेत त्याच्या नळीत एक पळी शेंगदाण्याचे तेल ओतण्यात आले. त्यातले दट्ट्यापुढे साचलेले तेल चाचणीच्या पहिल्या दहा छर्ऱ्यांत जळाले. त्यामुळे, आणि केवळ त्यामुळे, पहिल्या पाच छर्ऱ्यांची सरासरी शस्त्राइतकी भरली.'